पंख्याला लावलेलं कुंकू

बोईसरच्या कारखान्यात मी पहिल्या दिवशी हजर झालो तेव्हा माझ्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तीन प्रमाणपत्रं होती. एक बी.एस्सी.चं, एक पालघरच्या कॉम्प्युटर क्लासचं आणि एक चांगल्या वर्तणुकीचं. ती कुणाला दाखवायची हे कळत नव्हतं, म्हणून समोर दिसलेल्या पहिल्या माणसाकडे मी गेलो. ठेंगणे, काळेसावळे, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ पाण्याच्या पंपाजवळ उकिडवे बसले होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी पंपावर टेकवलं होतं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली होती. डोळे मिटलेले. मी नमस्कार म्हणालो. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, माझ्या फोल्डरकडे पाहिलं आणि विचारलं, "कान कसे हायत तुझे?"

चांगले आहेत, असं मी म्हणालो. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि ऐकायला सांगितलं. मला नुसती घरघर ऐकू आली. तसं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "कोण घरघरतंय? पाणी का लोखंड?" मी परत ऐकलं, तरी घरघरच. ते हसले आणि म्हणाले, "शिकशील. ग्रॅज्वेट हायस ना."

हे तामोरेमामा. कारखान्यातले सर्वांत जुने फिटर. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी 'ग्रॅज्वेट' झालो. त्यात टोमणा नव्हता. आमच्या एडवणच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची शेवटची परीक्षासुद्धा दिली नव्हती, हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच काढून घेतलं होतं. माझ्या वडिलांची वाडी किती, पानवेली किती, विहिरीवर इंजिन कुठलं, हेही विचारून झालं होतं. इंजिनाचं नाव ऐकल्यावर त्याला तेल जास्त लागत असणार, असं त्यांनी इथे बसून सांगितलं. ते खरं होतं.

मामा नवापूरचे. घरची होडी होती. वडील आणि थोरला भाऊ समुद्रावर जायचे आणि मामांचं लहानपण होडीचं इंजिन पुसण्यात गेलं. शाळा चौथीपर्यंत. सत्तरच्या दशकात तारापूरच्या बाजूला कारखाने उभे राहू लागले तेव्हा ते सायकलवरून कामाला येऊ लागले. आमच्या कारखान्याच्या पहिल्या मोटरचा पाया त्यांनी स्वतः पातळी धरून घालून घेतला होता आणि त्या पायावरून जाताना ते अजूनही पायाने दोनदा ठोकून बघत. डब्यात रोज सुकट किंवा सुका बोंबील असायचा. कँटीनमध्ये निम्मे लोक शाकाहारी, म्हणून दारात उभं राहून ते आधी वारा कुठून येतो ते बघत आणि मग वारा जिकडे जातो त्या टोकाच्या बाकावर बसत. एकदा उत्तरेकडच्या एका कामगाराने त्यांना चिडवलं, "मामा, आपका डिब्बा तो गेट से ही हाजिरी लगाता है." मामांनी त्याला एक घास भरवला. महिनाभरात तो त्यांच्याच बाकावर बसू लागला.

आमच्याकडे कापडाला लागणारे रंग तयार होत. बहुतेक लाल. ढवळायच्या टाक्या, सुकवायच्या भट्ट्या, दळायच्या गिरण्या, आणि सगळ्यांवर एक तांबूस थर. कामगारांच्या भुवयासुद्धा लाल दिसत. अशा ठिकाणी कॉम्प्युटर आणायचा म्हणजे मोठीच गोष्ट होती. शहासाहेब आमचे मॅनेजर. त्यांनी आपल्या केबिनला लागून प्लायवूडची एक खोली करून घेतली. तिला एसी, पडदा आणि दाराबाहेर चपलांचं शेल्फ. खिडकी उघडायची नाही, चप्पल आत आणायची नाही, धूळ येऊ द्यायची नाही. ही सगळी जबाबदारी माझी, कारण मी कॉम्प्युटर ऑपरेटर. सहा महिने प्रोबेशन आणि मग काम बघून कायम. घरी मी कायम झाल्यासारखंच सांगून ठेवलं होतं. वडिलांनी गावात पेढेही वाटले होते.

मामा त्या खोलीच्या दारापर्यंत येत, आत येत नसत. आपल्या पायांना ग्रीस असतं, असं म्हणत. मशीन आलं त्या दिवशी ते पडद्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "आत पंखे हायत. दोन. एक मोठा नि एक बारकं पोर." मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकलो होतो म्हणून मला ते ठाऊक होतं. मोठा पंखा मागे, वीज येते तिथे. छोटा प्रोसेसरवर, म्हणजे यंत्राचा हिशेब करणारा जो तुकडा असतो त्याच्यावर. तो तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची खाचा पाडलेली चकती आणि तिच्यावर काडेपेटीएवढा पंखा. मामांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. पडदासुद्धा बाजूला न करता त्यांनी ते ओळखलं.

आणि मग दसरा आला.

कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. सगळीकडेच होते, पण आमच्याकडे मामांनी घालून दिलेली एक रीत होती. इतर ठिकाणी मोटरच्या पत्र्याला हळदकुंकू लावतात. मामा प्रत्येक यंत्राचं झाकण काढायला लावत आणि जो भाग फिरतो त्याला कुंकू लावत. पंपाचा दांडा, गिरणीची पुली, भट्टीचा पंखा. ते म्हणत, "माणसाच्या कपाळाला लावतात का सदऱ्याला?" कुंकू उडू नये म्हणून ते तळहातावर तेलाच्या थेंबात कालवून घ्यायचे.

त्या वर्षी सगळी यंत्रं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या पाव्हण्याचं काय?" मला आनंदच झाला. माझ्या यंत्राला इतर यंत्रांच्या पंगतीत बसवलं गेलं होतं. कारखान्यात तोपर्यंत मला आणि त्या कॉम्प्युटरला सगळे पाहुणेच समजत. साहेब यायच्या आत मी कॉम्प्युटरच्या डब्याचे चार स्क्रू काढले आणि झाकण बाजूला केलं. मामा पाय धुऊन प्रथमच आत आले. त्यांनी वाकून पाहिलं, फिरणारा भाग कुठला ते विचारलं आणि प्रोसेसरवरच्या त्या छोट्या पंख्याला अनामिकेने कुंकवाचं बोट लावलं. पंखा इतका लहान आणि त्यांचं बोट इतकं जाड की निम्मं कुंकू मधल्या बिल्ल्याला लागलं आणि निम्मं एका पात्याला. वरून चिमूटभर हळद. मी झाकण बसवलं. मग साहेब आले, कॉम्प्युटरच्या स्क्रीनला झेंडूचा हार घातला, बाहेर नारळ फोडला आणि सगळ्यांना पेढा दिला.

सुटीनंतर मशीन चालू केलं तेव्हा आतून भुंगा बोलू लागला. पहिल्या दिवशी भुंगा, तिसऱ्या दिवशी शिवणयंत्र, आठवड्याच्या शेवटी पिठाची गिरणी. प्लायवूडच्या पलीकडे साहेबांचा टेलिफोन होता. अहमदाबाद, सुरत, भिवंडीच्या पार्ट्यांशी ते दिवसभर बोलत. त्यांना समोरच्याचं ऐकू येईना आणि समोरच्याला वाटायचं की साहेब कुठल्यातरी शेडमधून बोलताहेत. त्यांनी पडद्यातून डोकं आत घालून सांगितलं, "भाई, ये चक्की बंद करो."

मामा नेमके तेव्हा रजेवर गेले होते. मासळीचे दिवस होते आणि भावाच्या होडीचं इंजिन उघडायला लागलं होतं. मी माझ्या बुद्धीने उपाय सुरू केले. डब्याखाली वर्तमानपत्राची घडी घातली. डबा भिंतीपासून पुढे ओढला. कुशीत थापटी मारली की तासभर शांत व्हायचा, म्हणून थापट्या मारत राहिलो. शेवटी साहेबांचा एक मोठा फोन येणार होता त्या सकाळी मी झाकण काढून छोट्या पंख्याची वायरच उपटली. काय शांतता झाली. साहेब पलीकडून "गुड" म्हणाले. मी मान ताठ करून महिन्याचा स्टॉक टाइप करत बसलो. तासाभरात स्क्रीन गोठला. एक अक्षर हलेना. त्या चकतीला बोट लावलं तर चटका बसला. सकाळपासूनचं सगळं टाइप केलेलं गेलं होतं. मी मुकाट्याने वायर परत जोडली आणि गिरणी परत सुरू झाली.

साहेबांनी मुंबईहून विकणाऱ्यांचा मेकॅनिक बोलावला. त्याने झाकण काढलं, बॅटरी आत धरली आणि पंख्यावरचा लाल थर बघून लगेच निकाल दिला. तुमच्या कारखान्याचा रंग आत गेलाय. पंखा बदलावा लागेल, यायला दोन-तीन आठवडे लागतील, आणि खोलीत अशीच धूळ येत राहिली तर पुढच्या वेळी पंख्यावर भागणार नाही. तो चहा पिऊन निघून गेला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खिडकी कोण उघडतं, चपला घालून कोण येतं, हे विचारलं. मी खाली बघत राहिलो. माझ्या कायम होण्याचं पत्र टाइप होऊन त्यांच्या खणात पडलं होतं आणि ते मीच टाइप केलं होतं. त्यांनी खण उघडून ते मला दाखवलं आणि परत ठेवलं. शनिवारी ठरवू, म्हणाले. एका खोलीची धूळ ज्याला सांभाळता येत नाही त्याला मशीन कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

तो रंग नव्हता, कुंकू होतं, हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. मामांचं नाव येऊ नये म्हणून, असं मी स्वतःला समजावत होतो. ते थोडं खरंही होतं. पण स्क्रू मी काढले होते, आणि ते उघडू नका असं मशीनबरोबर आलेल्या कागदावर लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. मला त्याची भीती जास्त होती. कारखान्याच्या धुळीवर आळ गेला तर तिला कुणी नोकरीवरून काढत नाही, एवढं मला कळत होतं.

शुक्रवारी मामा कामावर आले. पडद्याबाहेर उभे राहिले आणि ऐकू लागले. चेहरा बदलला. "ह्याला काय झालं?" मी त्यांना बाहेर झाडाखाली नेलं आणि सगळं सांगितलं, वायर उपटल्याचंही. ते आधी वायरीवरूनच चिडले. "अरे, आवाजाचं तोंड काय दाबतोस? तो कशापायी बोंबलतो ते बघ की." मग त्यांनी विचारलं, साहेबाला तू काय सांगितलंस. मी काहीच सांगितलं नाही, असं म्हणालो.

"म्हंजे धुळीवर घातलंस," मामा म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी नळावर हात धुतले, पाय धुतले, चपला शेल्फवर ठेवल्या आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग गेलो. जावंसं वाटत नव्हतं, पण बाहेर उभं राहणं त्याहून वाईट दिसलं असतं.

"साहेब, त्या पंख्यात आपला रंग नाय. कुंकू हाय. दसऱ्याला मी लावलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तामोरे, कॉम्प्युटर के अंदर?"

मामांनी मान हलवली. इतकी वर्षं पंपाला लावतोय, पंपाने कधी तक्रार केली नाही. ह्याचं अंग लहान आहे, ते माझ्या ध्यानात आलं नाही, असं त्यांनी सांगितलं. माझ्याबद्दल एक शब्दही काढला नाही. ना माझी बाजू घेतली, ना मला पुढे केलं. प्लायवूडपलीकडे पंख्याची गिरणी चालू होती. मामा माझ्याकडे बघतही नव्हते, पण ते थांबले आहेत हे मला कळत होतं.

"साहेब, झाकण मी उघडलं होतं," मी म्हणालो. "उघडायचं नाही हे मला माहीत होतं. आणि परवा पंख्याची वायरही मीच काढली होती. म्हणून स्टॉकचे कागद उशिरा आले."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. इतके दिवस ते खिडकीच्या फटींना पट्ट्या मारून घ्यायचं बघत होते, असं म्हणाले. उद्या सुतार यायचा होता. पत्राबद्दल काही बोलले नाहीत. मामांनी विचारलं, पंखा उघडू काय. बिघडला तर, साहेबांनी विचारलं. मामा म्हणाले, बिघडला तर ओरडायचा तरी थांबेल. मुंबईहून नवा येतोच आहे. चहाच्या सुटीपर्यंत द्या मला.

त्या दुपारी मी त्यांना जवळून काम करताना पाहिलं. मशीन बंद करून, वायर काढून त्यांनी पंखा ॲल्युमिनियमच्या चकतीवरून सोडवला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. पहिल्यांदा पात्यावरचं वाळलेलं कुंकू काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने पुसलं. ते नखाएवढंही नव्हतं. मी विचारलं, एवढ्याशाने एवढा आवाज? ते म्हणाले, होडीच्या पंख्याच्या एका पात्याला दोन शिंपल्या चिकटल्या तरी अख्खी होडी थरथरते. एक पातं जड झालं की दांडा वाकडा नाचतो. तिकडे मोठी होडी आहे, इकडे काडेपेटी आहे, फरक एवढाच.

पंखा जोडून चालू केला. गिरणी गेली, पण शिवणयंत्र राहिलं. मामांनी मान हलवली, जणू हे त्यांना अपेक्षितच होतं. त्यांनी पंखा परत काढला आणि उलटा केला. मागच्या चिकटपट्टीचा कोपरा ब्लेडने उचलून ती अलगद काढली. खाली दांड्याचं टोक दिसत होतं आणि त्याला अडकवलेली, एका बाजूला फट असलेली तिळाएवढी चकती. ती पडली तर जन्मात सापडणार नाही, म्हणून त्यांनी मला दोन्ही हातांची ओंजळ खाली धरायला लावली. चकती सुईने निघाली, पाती दांड्यासकट बाहेर आली आणि दांड्यावर लाल-काळा चिखल दिसला. वाऱ्याने कुंकू आत ओढलं होतं आणि आतल्या तेलात त्याचा गाळ झाला होता. मामांनी तो बोटांत चोळून पाहिला. मग स्वतःशीच म्हणाले, "भक्ती जास्त झाली."

दांडा पुसला, भोक पुसलं, सुईच्या टोकावरून शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडला. मी दुसरा थेंब सुचवला. ते म्हणाले, जास्त तेल बाहेर येतं आणि धूळ धरतं. चकती बसवली, चिकटपट्टी बसवली. चालू केलं तेव्हा पंख्याचा आवाज उरला नव्हता, फक्त डबा बारीक गुणगुणत होता. स्क्रूड्रायव्हर इथे फार दांडगा, म्हणून त्यांनी झाडूतला एक हीर तोडला. त्याचं एक टोक पत्र्यावर आणि दुसरं कानामागे धरून डबाभर फिरवलं आणि झाकणाच्या एका कडेवर बोट ठेवलं. तिथे पत्रा पत्र्याला घासत होता. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आम्ही ती कडेला घातली, चार तुकडे डब्याच्या पायांखाली ठेवले आणि स्क्रू आवळले.

थोड्या वेळाने पडद्यातून साहेबांचं डोकं आत आलं. "अरे, बंद क्यों कर दिया? चालू करो, काम है." मामांनी नुसतं स्क्रीनकडे बोट दाखवलं. साहेब आत आले, डब्याला कान लावून उभे राहिले आणि हसले. मामाही हसले. मला हसता येत नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

शनिवारी दुपारी साहेबांनी मला पत्र दिलं. देताना एवढंच म्हणाले, की अगली बार पहिल्याच दिवशी सांगायचं. मी ते घेऊन धावत मेन्टेनन्सच्या खोलीत गेलो. पत्र इंग्रजीत होतं. मामांनी ते ओळन् ओळ वाचून मराठीत सांगायला लावलं. एका ओळीत लिहिलं होतं की या सहा महिन्यांतलं तुमचं काम आणि वर्तन समाधानकारक आढळलं. मामांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली.

"हे साहेबानं गेल्या शनिवारी दिलं असतं," ते म्हणाले, "तर खोटं झालं असतं. आज खरं हाय. जा, बापाला दाखव."

पुढच्या दसऱ्याला त्यांनी रीत बदलली. बाकी यंत्रांची झाकणं निघाली, कॉम्प्युटरवर फक्त एक फूल ठेवलं गेलं. कुणीतरी विचारलं तर मामांनी सर्वांसमोर सांगून टाकलं, की मी एकदा त्याच्यात कुंकू भरलं होतं. त्यांना ते सांगताना कधी कमीपणा वाटला नाही. नव्या फिटरला ते मोटर शिकवत तेव्हाही आधी स्वतः कुठली मोटर कशी जाळली ते सांगून मगच सुरुवात करत.

तीन-चार वर्षांनी ते निवृत्त झाले आणि नवापूरला गेले. मी अधूनमधून जात असे. ओट्यावर कुणाचं ना कुणाचं इंजिन उघडून पडलेलं असायचं. एका वर्षी मी गेलो तेव्हा ओटा स्वच्छ सारवलेला होता आणि एरवी समुद्रावर असणाऱ्या त्यांच्या भावाने मला आत बोलावून बसवलं. मामा जाऊन बारा दिवस झाले होते. मला कुणी कळवलं नव्हतं, कारण माझं नाव त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. 'मामांचा ग्रॅज्वेट' असं मी सांगितलं तेव्हा ओळख पटली.

आता मी त्याच औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या एका कारखान्यात आहे आणि कायम करण्याची पत्रं माझ्या सहीने निघतात. ती ओळ अजून तशीच असते. सही करण्याआधी मी त्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवतो आणि या सहा महिन्यांत तुझ्या हातून झालेली एक चूक सांग, असं म्हणतो. कुणी लगेच सांगतात. कुणी आधी दुसऱ्याची सांगतात. काही जण म्हणतात, काहीच झाली नाही, आणि खाली बघत राहतात. त्यांच्यासाठी मी चहा मागवतो आणि थांबतो.